बटणाचे पैसे कोण भरतं

यात वाघ नाही, हे आधीच सांगून टाकतो. सौसरात माझ्या तोंडून एखादी हकीकत सुरू झाली की ऐकणारे सिलेवानीच्या घाटातला वाघ कधी येतो याची वाट पाहत बसतात, आणि मीही त्यांना फार ताटकळत ठेवत नाही. या हकीकतीत बटण आहे. छप्पन सालच्या पोळ्याच्या आसपास पांढुर्ण्यात स्टेशनच्या रस्त्यावर पुंडलिकरावांच्या दुकानी मी माझी कार्डं पोचवायला गेलो होतो. एका कार्डावर बारा बटणं, कन्हान नदीच्या शिंपल्यांतून कातलेली. महिन्याला दोन खोके मी त्यांच्याकडे टाकत असे. त्या दिवशी त्यांनी खोक्याला हात लावला नाही. गल्ल्याखालून दुसरंच एक कार्ड काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. चांदीच्या कागदावर शिवलेली बारा पांढरी बटणं, इतकी सारखी की एकच बटण बारा आरशांत पाहिल्यासारखं वाटावं. माझ्या बटणांत एक जरा पिवळं असतं, एकावर नदीची हिरवी रेघ असते. यांना नदी नव्हती.

"भाव?" मी विचारलं.

"तीन आणे."

"एका बटणाचे?"

"बटण नाही जी, कार्ड. बाराचं बारा, बोटीनं आलेलं. ठोक घेतलं तं अडीचच." पुंडलिकराव हसले नाहीत, म्हणजे ते खरं होतं. "तुमचं सात आण्याचं मी कोणाले दाखवू, मोरेश्वरभाऊ? गिऱ्हाईक मलेच पागल म्हणून राहिलं."

तीन आण्यांत पुठ्ठा येतो, चांदीचा कागद येतो, दोरा येतो, तो दोरा ओवणाऱ्या बाईची मजुरी येते. तिथे तीन आणे संपले. बटण फुकट, बोटीचं भाडं फुकट, मुंबईपासून पांढुर्ण्यापर्यंतची रेल्वे फुकट. "मंग बटणाचे पैसे कोण भरून राहिलं, पुंडलिकराव?" मी म्हटलं. "कोणी भरत असन," ते म्हणाले, "आपल्याले काय करा लागते? चहा घ्या." आणि तो चहा त्यांनी मला पाजला, पैसे देऊ दिले नाहीत, आणि बशीतला शेवटचा घोट घेताना माझ्या मनात आलं, याचे पैसे कोण भरतं?

सौसरच्या मोटारीत मी ते परकं कार्ड मांडीवर घेऊन बसलो. मागे देशाचं नाव असावं, पण त्यावर पुंडलिकरावांनी आपल्या दुकानाची चिठ्ठी डकवली होती. नखानं खरवडली तर नाव चिठ्ठीबरोबरच निघून आलं. बाहेर संत्र्यांचे बगीचे पळत होते आणि माझ्या डोक्यात तो 'कोणी' येऊन बसला होता. सुरुवातीला तो जाडा होता, पांढऱ्या छत्रीखाली उभा, बंदरावर. प्रत्येक पेटीवर पदरचे पैसे ठेवायचा आणि म्हणायचा, जा, सौसरच्या मोरेश्वराला बुडवून ये. मग वाटलं, माझ्यासारख्याला बुडवायला एवढी मोठी बोट कशाला लागते? तरी तो हलेना. लोधीखेड्याला मी अकरा-बारा वर्षांचा असताना बाजाराच्या दिवशी चहावाल्यांची गाडी यायची. पितळी बंब, घंटी वाजवणारा गडी, आणि येईल त्याला कपभर चहा फुकट. आमचे बापूजी त्या गाडीच्या सावलीतही उभे राहत नसत. "फुकट पाजून राहिला म्हणजे तो चहा विकाले नाही आला," ते म्हणायचे, "तलप विकाले आला." आई मात्र डोक्यावरचा पदर पुढे ओढून रांगेत जायची. वर्षभरानं गाडी यायची बंद झाली आणि पुड्या दुकानात आल्या, दाम देऊन. तेव्हापासून सकाळी चहा नसला की आईचं कपाळ ठणकायचं, ती उंबऱ्यावर बसून दोन्ही अंगठ्यांनी कानशिलं दाबायची, आणि बापूजी स्वतः पुडी आणायला जायचे. मोटारीत मला ती दाबलेली कानशिलं आठवली. कंडक्टरनं मला खिडकीजवळची जागा दिली होती. का दिली असावी?

माझा कारखाना थापेतून जन्माला आला, हे सौसरात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून इथंही लपवत नाही. लढाईच्या दिवसांत बाहेरची बटणं यायची बंद झाली. नागपूरच्या एका ठेकेदाराला पलटणीच्या सदऱ्यांसाठी बटणं हवी होती, आणि मी, ज्याच्याकडे एका सुताराचं पायानं चालवायचं, कातकामाचं एकच चरक होतं, त्याला सांगून बसलो की आमच्याकडे बारा चरकं रात्रंदिवस फिरतात. तो पाहायला येणार म्हटल्यावर बारा चरकं करावीच लागली. रामाकोन्याच्या घाटावरून बाया शिंपले वेचून आणू लागल्या, कातू लागल्या, घासू लागल्या, कार्डावर शिवू लागल्या. तेरा वर्षं झाली. चौदा बाया. थाप एवढी मोठी झाली की तिच्या जिवावर चौदा चुली पेटत होत्या. लढाई संपली तशी बाहेरची बटणं पुन्हा येऊ लागली, पण महाग यायची. आता ही तीन आण्यांची आली होती. माझे दोन खोके घेऊन मी परत आलो तेव्हा देवकाबाईनं, माझ्या बायकोनं, ते उतरवून घेतले आणि भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला, नेहमीपेक्षा मोठा. मी त्या गोळ्याकडे पाहत राहिलो. वितळेपर्यंत.

एकदा शंका लागली की ती घरातलं सामान ओळखू लागते. देवकाबाई आणि केसरबाई, जी सगळ्या बायांत जुनी आणि सगळ्यांची म्होरकी, मागच्या दारी बोलत असत आणि मी खोकललो की थांबत. शनिवारी संध्याकाळी जाताना केसरबाईचा ओटा, कमरेला खोचलेल्या पदराची झोळी, फुगलेला असायचा. बाकीच्यांचाही. तेरा वर्षांत मी तो पाहिला नव्हता असं नाही. पण आता मला त्यात माझी बटणं दिसू लागली. मी मोजू लागलो. कातलेली किती, शिवलेली किती. एकही कमी भरत नव्हतं, आणि त्यानं मला बरं वाटायच्या ऐवजी जास्तच वाईट वाटलं, कारण चोरी सापडली असती तर निदान कोण काय नेतं ते कळलं असतं. देवकाबाई म्हणाली, "तब्येत बरी नाही काय? दोन दिवस झाले, एकबी थाप नाही मारली." मी म्हटलं, "मारीन नं." तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. हाताला ज्वारीच्या कोंड्याचा वास होता.

याच दिवसांत तो कागद आला. मुंबईला एक आयोग बसतो, बाहेरच्या मालावर किती कर बसवायचा ते ठरवणारा, आणि दिल्लीचा कायदा आता कडक होणार अशी बातमी वर्तमानपत्रात आली होती: कोणी आपल्या देशात विकतो त्याहून उतरत्या भावात माल इथे आणून टाकला, किंवा तिथल्या सरकारनं पदरचे पैसे घालून तो स्वस्त केला, तर तेवढा जादा कर त्यावर बसवायचा. मी हे वाचलं तेव्हा मला माझा छत्रीवाला दिल्लीच्या लोकांनाही दिसला याचा इतका आनंद झाला की मी त्याच दिवशी आयोगाकडे अर्ज धाडला. उत्तरादाखल नागपूरच्या कचेरीमार्फत प्रश्नांचा कागद आला. तेव्हा आमचं राज्य मोडून नवं व्हायला पंधराच दिवस उरले होते. नागपूर मुंबईकडे जाणार, आम्ही भोपाळकडे राहणार, कचेऱ्यांच्या पेट्या बांधल्या जात होत्या. कागदावरचं 'नागपूर' कुणीतरी निळ्या पेन्सिलीनं खोडलं होतं आणि 'भोपाळ' अजून लिहिलं नव्हतं. प्रश्न मराठीत होते, पण नव्या टांकसाळीच्या मराठीत. नववा प्रश्न: सदर माल त्याच्या मूळ देशात कोणत्या भावाने विकला जातो, पुरावा जोडावा. सौसरात बसून हे कुणाला कळावं? पण मोकळा रकाना पाहिला की माझ्या हाताला खाज सुटते. मी लिहिलं की माझी पुतणी वंदना हिचा दीर बोटीवर खलाशी असून त्यानं त्या देशी स्वतः हेच कार्ड दहा आण्यांना विकत घेतलं. वंदनाचा दीर वर्ध्याला पानाची टपरी चालवतो. अकरावा प्रश्न होता: आपल्या उत्पादनास शासनाचे अथवा इतर कोणाचे साहाय्य प्राप्त होते काय? हा मला प्रश्नच वाटला नाही, पत्राच्या शेवटी विचारतात तशी खुशाली वाटली. मी लिहिलं, 'परमेश्वराचे'.

दिवाळीच्या आधी त्या आयोगाचे साहेब स्वतः आले, अरुंद रुळांच्या लहान आगगाडीतून, हातात कातडी पिशवी. तीस-पस्तिशीचे, मुंबईकडची मराठी, चेहऱ्यावर हसण्याची जागाच नाही. मी त्यांना चरकं दाखवली, घासायचे दगड दाखवले, आणि त्यांना जरा मोकळं वाटावं म्हणून म्हटलं, "रामाकोन्याच्या डोहात साहेब, एकदा असा शिंपला निघाला की त्यात बसून आम्ही चौघं नदी उतरलो."

साहेबांनी वही उघडली. "कोणत्या साली?"

"पंचेचाळीस असन," मी म्हटलं.

"त्यातून बटणं किती निघाली?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते. त्यांनी लिहायला लेखणी टेकवली होती. पन्नास वर्षांत माझ्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवला नव्हता. आई ठेवत नव्हती, बापूजी ठेवत नव्हते, देवकाबाई तर लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ठेवत नव्हती, आणि त्या सगळ्यांच्या अविश्वासावर मी आरामात टेकून बसलो होतो, गाडीच्या बाकाला टेकावं तसा. थाप आणि खोटं यांच्यात फरक बोलणाऱ्याचा नसतो, ऐकणाऱ्याचा असतो. ऐकणाऱ्याला माहीत असतं म्हणून ती थाप. या माणसाला माहीत नव्हतं. "ते राहू द्या साहेब," मी म्हटलं, "ते असंच." त्यांनी ती ओळ नीट, पट्टी धरल्यासारखी, खोडली.

मग ते मजुरीच्या कागदाशी आले. बोटानं खाली खाली गेले. त्यांनी दुकानांतून ज्वारीचा भाव विचारून आणला होता. त्यांनी मला जे विचारलं तेच मी पांढुर्ण्यात विचारलं होतं, फक्त तोंड माझ्याकडे होतं. "मोरेश्वरराव, महिन्याच्या या मजुरीत एका बाईचं अर्ध्या महिन्याचं धान्य येतं. उरलेलं कोण भरतं?"

"कोणी भरत असन," माझ्या तोंडून निघालं, आणि आवाज पुंडलिकरावांचा आला.

"तुम्ही अकराव्या प्रश्नाला परमेश्वर लिहिलंय." साहेबांनी पान उलटलं. "मला त्याचा पत्ता लिहावा लागेल."

केसरबाई चरकावर होती. पाय न थांबवता म्हणाली, "वहिनीची ज्वारी हाय नं, साहेब. दर शनिवारी एकीले दोन पायल्या. मोहगावहून वहिनीच्या भावाची बंडी येते नं, थे आमचीच असते." मग तिला माझा चेहरा दिसला आणि चरक थांबलं. बाकीच्या तेराजणींचे हातही थांबले. घासायच्या पाण्यात एक शिंपला आपोआप तळाशी गेला, तोही ऐकू आला.

मोहगावची बंडी, ज्वारीच्या पोत्यांची बैलगाडी, दर महिना-दोन महिन्यांनी येते हे मला माहीत होतं. माझ्या साल्याची, केशवरावांची, बहिणीला धाडलेली. मी ती उतरवून घेतो, पोती मोजतो, केशवरावांना चार थापा सांगून वाटेला लावतो. एवढ्या ज्वारीचं आमच्या दोघांच्या घरात काय होतं हे मी कधी विचारलं नाही. ओटा फुगलेला होता तो ज्वारीनं. कोंड्याचा वास माझ्या कपाळावर टेकलेल्या हाताला होता. आणि ज्या सात आण्यांच्या भावाची मी जिल्हाभर फुशारकी मारत होतो, की एवढा स्वस्त आणि अस्सल देशी माल दुसरा कोणी देऊन दाखवावा, तो भाव माझा नव्हताच. मोहगावच्या एका शेतकऱ्यानं बहिणीच्या मायेपोटी तो धरून ठेवला होता. माझा छत्रीवाला बंदरावरून निघून थेट माझ्या मागच्या दारात आला होता, आणि त्यानं लुगडं नेसलं होतं. खरं तर मला राग यायला हवा होता. पण शंकेची सवय लागलेली, म्हणून मनात पहिलं आलं ते हे, की हिला यातून काय मिळालं?

मी आत गेलो. देवकाबाई चुलीपुढं बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "कधीपासून?" मी म्हटलं.

"दुसऱ्या वर्षापासून. तुम्ही म्हणले, मजुरी वाढवली तं ठेकेदार पळून जाईन. मंग मी म्हटलं, नका वाढवू." तिनं फुंकणी बाजूला ठेवली. "तुम्ही एवढ्या थापा मारता. मले एक मारावी वाटली."

बाहेर साहेब थांबले होते. त्यांनी आकडे केले होते आणि ते मला समजावून सांगितले, लहान मुलाला सांगतात तसे नाही, बरोबरीच्याला सांगतात तसे. ज्वारी धरली नाही तर माझं कार्ड सात आण्याला पडतं. परकं तीन आण्याला. ती फट करानं बुजवता येते, आणि खलाशाचा पुरावा असल्यामुळं आयोग बहुधा बुजवेल. ज्वारी धरली तर माझं कार्ड दहा आण्याला पडतं, आणि ती फट पाहून आयोग म्हणेल, हा धंदा टिकणारा नाही, याला आडोसा देऊन उपयोग नाही. "मी तुम्ही सांगाल ते लिहीन," ते म्हणाले. "खाली सही तुमची." त्यांनी लेखणी माझ्याकडे केली. टोपणावर त्यांच्या दातांच्या खुणा होत्या.

वंदनाचा दीर त्या कागदावर किती शोभत होता! मी त्याला एक बोट दिली होती, एक बंदर दिलं होतं, दहा आणे त्याच्या खिशात घातले होते. आणि कुणास ठाऊक, कदाचित तो खराही असेल. कदाचित त्या देशी खरोखरच दहा आण्याला विकत असतील आणि कोणीतरी सात आणे मागच्या दारानं घालत असेल. पण आता मला तो जाडा माणूस दिसेना. मला एक बाई दिसू लागली, कोणत्यातरी धान्यात हात घातलेली, नवऱ्याचं खोकलणं ऐकून थांबलेली. तिच्यावर कर बसवा म्हणून मी मुंबईला अर्ज केला होता. आणि समोर हा माणूस, मी जे म्हणेन ते खरं धरणारा. मी याच्याशी खोटं बोललो असतो तर मग कधीच थाप मारता आली नसती. पुढच्या प्रत्येक थापेला या कागदाची चव आली असती. मी खलाशाची ओळ खोडली. अकराव्या प्रश्नातला परमेश्वर खोडला आणि तिथे लिहिलं: देवकाबाई, राहणार सौसर, व त्यांचे बंधू केशवराव, राहणार मोहगाव, ज्वारी, दर आठवड्याला अठ्ठावीस पायल्या. साहेब म्हणाले, "मग एक ओळ अजून लागेल, की यापुढे धान्य बंद, आणि तेवढं मजुरीत रोखीनं देऊ. नाहीतर आयोगाला तुमचा खर्च पक्का धरता येणार नाही." मी तीही लिहिली, आणि सही केली. माझी सही एवढी सरळ कधी आली नव्हती.

साहेबांना गाडीवर पोचवून आलो तेव्हा बाया घरी गेल्या नव्हत्या. शनिवार होता. मागच्या दारी देवकाबाई पायली हातात घेऊन उभी होती आणि भरत नव्हती, कारण मी काय लिहिलं ते तिला सांगूनच मी स्टेशनवर गेलो होतो. मला वाटलं, बाया खूश असतील. मी म्हटलं, "आजपासून ज्वारी नाही. रोख. धंदा जितके दिवस टिकन तितके दिवस पुरी मजुरी, हातात." छाती जरा पुढे आली होती, हेही कबूल करतो.

केसरबाईनं ओटा सोडून झटकला, रिकामाच. "हातात म्हणजे कोणाच्या, भाऊ?" ती म्हणाली. "ज्वारी चुलीत जाते. पैसा घरच्या माणसाच्या हातात जाते, अन् त्याच्या हातातून सट्ट्याच्या आकड्यावर. थे तिकडं कुठी समुद्रापल्याड कापसाचा भाव फुटते नं, त्याच्यावर लावतेत. माह्या लुगड्याचे पैसेबी तिकडंच गेले." मागची एक म्हणाली, "आमचे तं बैलबी गेले." आणि कोणीतरी कोरडं हसलं.

मी देवकाबाईकडे पाहिलं. तिनं खाली पाहिलं. म्हणजे तिला हेही माहीत होतं. ज्वारी का, पैसे का नाही, हे त्या दोघी बारा वर्षं मागच्या दारी बोलत होत्या. "साहेबाच्या कागदावर लिहून दिलं मी," मी म्हटलं, "सही केली." लहान गाडी केव्हाच गेली होती.

केसरबाईनं पदर डोक्यावर घेतला. आवाज चढवला नाही. इतकी वर्षं माझ्या सगळ्या गोष्टी ऐकून झाल्यावर एखाद्या शहाण्या माणसानं म्हणावं तसं म्हणाली,

"भाऊ, तुमच्या इतक्या वर्षाच्या थापायनं कोणाचं काही वाकडं नाही झालं. आज खरं काहून बोलले?"